बिरूचा कान आणि देवाचे केस

कान वाहणं हा आजार नाही, हे मला एम. एस. झाल्यानंतर बारामतीत आल्यावर कळलं. पुण्याच्या मेडिकल कॉलेजातल्या जाडजूड पुस्तकांनी ही गोष्ट माझ्यापासून कटाक्षाने लपवून ठेवली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नवरा-बायकोने इथे कान-नाक-घशाचा दवाखाना थाटला आणि पहिल्याच महिन्यात माझं अज्ञान दूर झालं. वाहता कान म्हणजे चांगला कान. आतली घाण बाहेर पडते. तो औषध घालून बंद केला की तीच घाण डोक्यात चढते. हे शास्त्र बारामतीपासून इंदापूरपर्यंत सर्वमान्य होतं आणि त्याला विरोध करणारी मी एकटी होते.

त्यामुळे कान वाहतो म्हणून कोणी मूल दवाखान्यात आणत नसे. इतर काही निमित्त लागे. एका बाईला मी विचारलं, कधीपासून वाहतोय? म्हणाली, जल्मापास्नं. मग आजच कसं आणलंत, तर म्हणाली, आज बाजार हुता. भाजी घ्यायची होती, बांगड्या भरायच्या होत्या, जाता जाता कान. येईपर्यंत घरचे सगळे उपाय झालेले असत. लसूण घालून कढवलेलं तेल, शेळीचं दूध, विडीचा धूर. धूर सोडणारा बहुधा घरातला सगळ्यात जाणता माणूस असे. एका पोराच्या कानात जोंधळ्याचा दाणा गेला होता. घरच्यांनी रोज पाणी घालून तो धुवून काढायचा प्रयत्न केला. माझ्याकडे आला तेव्हा त्याला कोंब फुटला होता. आमच्या भागातली जमीन सुपीक आहेच, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं.

माझी दुसरी अडचण म्हणजे मी बाई होते. माझे यजमान भूलतज्ज्ञ. ऑपरेशन मी करायची आणि पेशंटला झोपवायचं त्यांनी, अशी आमची वाटणी. पण पेशंट आत आला की माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारायचा, डॉक्टर कवा येणार? मीच डॉक्टर, असं सांगितलं की समजूतदारपणे म्हणायचा, तुमी तपासून ठिवा, मग सायेब बगतील. साहेब मागच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असत. शेवटी शेवटी मी त्यांना बाहेर बोलावून खुर्चीत बसवायला लागले. ते गंभीर चेहऱ्याने मान हलवत आणि बाई सांगतात ते बरोबर आहे, एवढंच म्हणत. संसारात हे वाक्य त्यांच्या तोंडून मी फक्त दवाखान्यातच ऐकलं.

शाळेतले मास्तरही या विषयातले तज्ज्ञ होते. एका मास्तरांनी वर्गातली तीन-चार 'ढ' पोरं माझ्याकडे पाठवली. त्यांच्यावर मास्तरांनी आधी कान पिळण्याचा उपचार करून पाहिला होता. तपासलं तर सगळ्यांच्या पडद्यामागे डिंकासारखं पाणी साठलेलं. मास्तरांना चिठ्ठी पाठवली की या मुलांना कमी ऐकू येतं, पुढच्या बाकावर बसवा. त्यांचा उलट निरोप आला की पुढचे बाक हुशार मुलांसाठी आहेत.

आता हे पाणी साठतं कसं, ते सांगते. कानाच्या पडद्यामागे एक इवलीशी खोली असते. तिच्यात हवा खेळती राहावी म्हणून नाकाच्या मागच्या बाजूपासून तिथवर एक बारीक नळी गेलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते आणि हवा आत जाते. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि उतरती असते. लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली, नाकामागच्या गाठी वाढल्या, की नळीचं तोंड बंद. मग खोलीतली हवा संपते, पडदा आत ओढला जातो, पाणी साचतं, कधी पू होऊन पडदा फुटतो आणि कान वाहतो. एवढं समजायला मला कॉलेजात दोन परीक्षा द्याव्या लागल्या होत्या.

सांगवीचे तात्या एकदा नातीला घेऊन आले. उसाचे बागायतदार, पांढरीशुभ्र टोपी, सगळ्या गावाची काळजी वाहण्याची खोड. त्यांना हे सगळं मी चित्र काढून समजावलं. त्यांना त्यात उसाला पाणी नेणारी चारी दिसली. ते म्हणाले, "म्हंजी चारीचं त्वांड गाळानं भरलंय आन् मागं पानी साचलंय. बारक्या पोरात चारीला उतारच न्हाय." मी म्हटलं, अगदी बरोबर. ही माझी मोठी चूक होती. त्या दिवसापासून तात्या सांगवीचे मानद कानतज्ज्ञ झाले. पारावर पोरांना उभं करून ते त्यांच्या नाकपुड्या तपासत. सांगवीहून येणारा पेशंट मला सांगायचा की तात्यांनी चारी तुंबलीय म्हणून सांगितलंय, तुम्ही फक्त औषध लिहून द्या.

पण सगळे वाहते कान एकाच जातीचे नसतात. काही कानांत पडदा एका कोपऱ्यात आत आत ओढला जातो, त्याची पिशवी होते, तिच्यात मेलेली कातडी साठते आणि ती पिशवी हळूहळू शेजारचं हाड खात सुटते. असा कान थोडाच वाहतो, दुखत नाही, फक्त त्याला घाण वास येतो. म्हणून कोणाला त्याची भीती वाटत नाही. मला मात्र फक्त त्याचीच भीती वाटे. कारण त्या हाडाच्या वरच्या अंगाला मेंदू असतो आणि मधून चेहऱ्याची नस जाते. इथे थेंब आणि गोळ्या कामाच्या नाहीत. कानामागून हाड उघडून सगळं साफ करावं लागतं. ऑपरेशनचा पहिला हेतू जीव वाचवणं, दुसरा कान कोरडा करणं, आणि ऐकू येणं तिसरा. मी नेहमी याच क्रमाने सांगायची आणि नातेवाइकांना फक्त तिसरा ऐकू जायचा.

मंगळवारी मी इंदापूरला एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंट बघायला जात असे. तिथे एकदा जवळच्या कळंब गावाहून एक बाई सासऱ्यांबरोबर मूल घेऊन आली. लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या, पाच-सहा वर्षांचं वय. मी प्रेमाने विचारलं, काय गं बाळ, नाव काय तुझं? सासरे, म्हणजे आबा, घोंगडी सावरत म्हणाले, "त्यो पोरगा हाय. बिरू. केस देवाचं हायती."

जावळ अजून काढलेलं नव्हतं. जन्मापासूनचे केस देवापुढे काढायचा नवस होता, तोवर त्यांना कात्री लागायची नव्हती. हे घर एके काळी मेंढरं घेऊन फिरणारं. आता थोडी डाळिंबं होती, थोडा ऊस होता, पण देव तोच, नीरा नदीच्या पल्याडचा. बिरूची आई रंजना शेजारी बसली होती. ती फक्त मुलाच्या डाव्या कानातला कापूस बदलत होती आणि काढलेला कापूस पदराआड लपवत होती. वास लपत नव्हता.

मी तपासलं. नको होतं तेच निघालं. पिशवी झालेली, हाड खाल्लेलं. आबांना मी सगळं सविस्तर सांगितलं. मेंदूला पू होऊ शकतो म्हटलं, आबा शांत. चेहरा वाकडा होऊ शकतो म्हटलं, आबा शांत. जीव जाऊ शकतो म्हटलं, तरी आबांनी फक्त मान हलवली, जसं काही मी हवामानाचा अंदाज सांगत होते. मग म्हटलं, कानामागचे तीन बोटं केस काढावे लागतील. आबा उभे राहिले.

"केसाला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले.

मग जावळ आधी उरकून घ्या ना, मी म्हटलं. ते म्हणाले, जावळ मामाच्या मांडीवर बसून काढायचं असतं आणि मामा न्हाय. मला वाईट वाटलं. कधी गेले, असं मी हळू आवाजात विचारलं. आबा माझ्याकडे बघतच राहिले. "कुठं जातोय? सांगवीत हाय की, चांगला ठणठणीत."

आबा तंबाखू थुंकायला बाहेर गेले तेव्हा रंजनाने खरी हकिकत सांगितली. तिच्या भावाच्या, दत्तूच्या लग्नात तिच्या नवऱ्याला, पोपटला, टोपी-उपरणं दिलं. आणि चुलत बहिणीच्या नवऱ्याला फेटा बांधला. पोपट भरल्या पंगतीतून उठला. तेव्हा बिरू अंगावर पीत होता. त्यानंतर रंजना माहेरी गेली नव्हती आणि दत्तूने कळंबचा उंबरा ओलांडला नव्हता. जावळ राहिलं ते राहिलंच.

एका फेट्यापायी? माझ्या तोंडून निघून गेलं.

"फेटा न्हवता त्यो बाई," रंजना म्हणाली. "मान हुता."

मी कानात घालायचे थेंब लिहून दिले आणि दर मंगळवारी दाखवायला या म्हणून बजावलं. ती आली. न चुकता आली. कान तसाच. मला राग यायचा, पण तो कोणावर काढायचा कळेना. रंजनावर काढण्यात अर्थ नव्हता, देव माझ्या पेशंटच्या यादीत नव्हता. म्हणून मी तात्यांना गाठलं. दत्तू त्यांच्या गावचा. तात्यांना एवढंच सांगितलं की मेहुण्या-मेहुण्याचं जुळवा, एका पोराचा जीव अडकलाय. तात्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. त्यांनी दोन्ही गावांना खेपा घातल्या, दोन्हीकडे जेवले आणि येऊन निकाल सांगितला. दत्तू म्हणतो, दाजींनी आधी यावं. पोपट म्हणतो, त्यानं आधी यावं. दोघेही यायला तयार होते. तात्यांच्या मते वाटाघाटी अत्यंत यशस्वी झाल्या होत्या.

पुढच्या मंगळवारी रंजना आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

काय झालं होतं ते मला नंतर समजलं. बिरूला ताप भरला, डोकं दुखायला लागलं आणि एका सकाळी त्याचं तोंड वाकडं झालं. रोग चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचला होता. आबांनी मात्र वेगळंच निदान केलं. एका बाईने देवाच्या केसांना वस्तरा लावायची भाषा केली, म्हणून देवाने पोराचं तोंड फिरवलं. सरळ हिशेब होता. मी तर आधीच सांगितलं होतं की चेहरा वाकडा होईल. म्हणजे मला ठाऊक होतं, म्हणजे माझाच त्यात हात. मग पोराला नीरेपल्याड देवाला नेलं, भंडारा लावला, कौल लावला. देवाने काय कौल दिला कोण जाणे. पण ज्या वेळात मी नस सोडवू शकले असते, तो वेळ कौल घेण्यात गेला.

मग रंजना एकटी बारामतीला आली. सासऱ्यांना न विचारता, नवऱ्याला न सांगता, पोराला काखेत मारून यष्टीत बसली आणि डेपोतून चालत दवाखान्यात आली. बिरू रडत होता. तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा गाल कागदासारखा सपाट.

"रडताना ह्यो डोळा मिटतच न्हाय बाई," ती म्हणाली. "आर्धाच रडतोय त्यो."

मी विचारलं, केसांचं काय? ती म्हणाली, कापा. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन. मग तिने तो प्रश्न विचारला, जो ऐकायची मला धास्ती होती. चेहरा परत येईल का? मी म्हटलं, सांगता येत नाही. हाड उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि उघडल्यावरही लगेच कळणार नाही. ती म्हणाली, बरं. इतकं खरं उत्तर मी आयुष्यात फार कमी जणांना दिलं आणि इतकं शांतपणे फार कमी जणांनी घेतलं.

आम्ही तयारीला लागलो तोवर पोपट आणि आबा तिचा माग काढत मोटारसायकलवरून येऊन थडकले. पोपट हा मनुष्य मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. अंगाने सडपातळ, डोक्याला काही नाही. तो बायकोवर ओरडायला लागला. आबा दारात आडवे उभे. देव पोराला नेईल, असं ते म्हणत होते. पोराला न्यायला देवाची गरज नाही आबा, ते काम तुम्हीच चालवलंय, असं मी त्यांना सुनावलं. एरवी मी पेशंटच्या घरच्यांशी असं बोलत नाही. साहेबही मागच्या खोलीतून बाहेर आले, ते वर्तमानपत्र न घेता आले, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

तेवढ्यात फाटकाशी तात्यांची मोटारसायकल थांबली. मागे दत्तू. रंजनाने येताना डेपोवरच्या टेलिफोन बूथवरून तात्यांच्या घरी फोन लावला होता. सांगवीत त्या वेळी ज्या थोड्या घरांत फोन होता, त्यातलं एक तात्यांचं. दत्तू आत आला. शेतातून तसाच उठून आलेला, पायांना चिखल. पोपटने भिंतीकडे तोंड केलं. आबांनी दार सोडलं नाही. दत्तूने दोघांकडे बघितलंच नाही. बिरूचं तोंड बघितलं आणि तो जागीच थांबला.

"ताई," तो म्हणाला, "कुठं बसू?"

रंजनाने माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे. आणि साहेबांनी त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं वाक्य उच्चारलं. लहान मुलाला नाहीतरी कोणाच्या तरी मांडीवरच झोपवतो आम्ही, ते म्हणाले, मामाच्या मांडीवर झोपवू. एरवी हे काम आई करते. आबा विचारात पडले. मामा होता, मांडी होती. देव नव्हता, पण कमरेच्या पिशवीत भंडारा होता. त्यांनी ती पिशवी चाचपली. मग त्यांनी दार सोडलं.

त्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत जे झालं, ते कुठल्याही कॉन्फरन्समध्ये मी सांगितलेलं नाही. दत्तूला पाय धुवायला लावून हिरवा गाऊन चढवला. तो स्टुलावर बसला, बिरू त्याच्या मांडीवर. साहेबांनी मास्क धरला. पोर गाढ झोपल्यावर आबांनी त्याच्या कपाळाला आणि केसांना भंडारा लावला, आणि माझ्या निर्जंतुक जगात हळद उधळली. डावी वेणी उलगडून मी कानामागे वस्तरा धरला. "तेवढंच," आबा म्हणाले. "बाकीचं देवाचं." तीन बोटं त्यांनी स्वतः मोजून दाखवली. कापलेले केस त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून घेतले. मग आम्ही पोराचं डोकं स्वच्छ केलं, पुन्हा केलं, आणि तरीही साहेबांना कानामागच्या मास्टॉइडच्या हाडाजवळ पिवळं काहीतरी दिसल्याचा भास अधूनमधून होत राहिला.

आत हाडाची चाळण झाली होती. ऐकायला मदत करणाऱ्या छोट्या हाडांपैकी काही उरलं नव्हतं. ती पिशवी नेमकी चेहऱ्याच्या नसेवर बसली होती. मायक्रोस्कोपखाली नसेवरून ती मी कणाकणाने सोडवली. नस सुजली होती, पण तुटलेली नव्हती. मी तिला धक्का लागू दिला नाही. हे लिहिताना मला अभिमान वाटतो, तो मी लपवणार नाही.

बाहेर बाकाच्या एका टोकाला पोपट, दुसऱ्या टोकाला दत्तू आणि मधे तात्या. तात्या दोघांना आळीपाळीने चारी समजावून सांगत होते. इतका वेळ तात्यांचं ऐकणं, ही दोघांनाही पुरेशी शिक्षा झाली असं मी मानते.

बिरूला बाहेर आणलं तेव्हा त्याच्या डोक्याला पांढरं जाड बँडेज गुंडाळलेलं होतं, कपाळावरून मागे, कान झाकून. पोपट बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "फेटा बांधलाय जनू." तो खाली बसला. दत्तू उठून जवळ आला आणि म्हणाला, "दाजी, चुकलं आमचं." पोपटने डोळे पुसले आणि म्हणाला, च्या प्यायला चल. एवढंच. हे दोन शब्द बोलायला यांना इतकी वर्षं लागली आणि त्यासाठी एका पोराच्या कानाचं हाड जावं लागलं. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. मी दिली नाही, कारण तोवर आबा नारळ आणि खण घेऊन माझ्यापुढे उभे होते. जावळ काढणाऱ्या न्हाव्याचा तो मान असतो. भिंतीवर माझी एम. एस. ची पदवी फ्रेम करून लावलेली होती. तिच्या खाली मी न्हाव्याचा नारळ घेतला.

सिनेमात गोष्ट इथे संपते. आमच्या धंद्यात इथून पुढे खरी कसोटी असते. बिरूचा ताप गेला, कान हळूहळू कोरडा झाला, पण चेहरा जागचा हलेना. नस सुटली तरी जागी व्हायला वेळ लागतो, काही आठवडे, काही महिने, कधी कधी ती उठतच नाही. हे मला ठाऊक होतं. कळंबला ठाऊक नव्हतं. तिथे बातमी पसरली की बाईने शीर तोडली. सायबानं केलं आसतं तर आसं झालं नसतं, असंही लोक म्हणाले. इंदापूरला मंगळवारची गर्दी ओसरली. तात्या माझ्या बचावाला धावले आणि चारीचं उदाहरण देऊन त्यांनी लोकांची खात्रीच करून दिली की बाईकडून पाट फुटला.

रंजना मात्र दर मंगळवारी येत राहिली. डोळा कोरडा पडू नये म्हणून त्यात थेंब घालायचे, रात्री पापणी मिटवून पट्टी लावायची, गालाला हलक्या हाताने चोळायचं, हे सगळं ती करत होती. बिरूच्या उजव्या कानाच्या पडद्यामागेही पाणी साठलेलं होतं, ते आम्ही औषधांनी घालवलं, त्यामुळे तो त्या कानाने चांगला ऐकायला लागला. डावा कान मात्र कायमचा गेला. त्याची हळहळ मला अजून वाटते. ते ऑपरेशन पहिल्या मंगळवारी झालं असतं तर थोडं तरी वाचवता आलं असतं.

दर वेळी मी बिरूला म्हणायची, डोळे घट्ट मीट बघू. उजवा मिटायचा. डावा माझ्याकडे बघत राहायचा. मी रंजनाला म्हणायची, अजून वेळ आहे. घरी आल्यावर मी जेवायची नाही नीट. माझ्या हातून ती नस खरंच दुखावली गेली असेल का, हा विचार मला सोडत नव्हता. मला भीती वाटत होती, साधी भीती. साहेब म्हणायचे, तू चांगलं काम केलंस. या वेळी ते घरात म्हणाले, तरी मला त्याचं कौतुक वाटलं नाही.

काही महिन्यांनी उरलेलं जावळ काढायचं ठरलं तेव्हा आबा स्वतः आमंत्रण द्यायला आले. मला जायचं नव्हतं. अख्ख्या भावकीसमोर ते वाकडं तोंड आणि त्याच्या शेजारी मी, हे दृश्य मला नको होतं. पण आबा म्हणाले, पहिला वस्तरा तुमचा, तुमाला यावंच लागतंय. म्हणून आम्ही दोघं गेलो.

नीरेपल्याड माळावर देवाचं ठाणं. बाभळीखाली मांडव, एका बाजूला रश्श्याची मोठी पातेली, ढोल वाजत होते, आणि भंडाऱ्याने सगळी माणसं पिवळी झालेली. कळंबची भावकी आली होती, सांगवीची आली होती. पोपटच्या डोक्याला दत्तूने स्वतःच्या हाताने फेटा बांधला होता, तो थोडा मोठाच झाला होता. बायका माझ्याकडे बघून एकमेकींच्या कानाशी लागत होत्या. मी मांडवाच्या खांबाशी उभी राहिले.

दत्तू घोंगडीवर बसला. बिरूला मांडीवर घेतलं. गावचा न्हावी पुढे झाला. पहिल्या वेणीपर्यंत बिरूने सोसलं. वस्तऱ्याचं पाणी मानेवरून खाली गेलं, ढोल जोरात झाले, आणि पोराने भोकाड पसरलं. लगेच सगळे त्याला गप्प करायला धावले. एका म्हातारीने गुळाचा खडा पुढे केला, कोणी खुळखुळा वाजवला. दत्तू त्याला मांडीवर हलवायला लागला, झालं झालं म्हणून समजावत.

रंजना समोर बसली होती. ती एकदम उठली आणि तिने म्हातारीचा हात बाजूला केला. तिने मला हाक मारली नाही, नुसतं बघितलं. मी खांब सोडून पुढे गेले, भंडाऱ्यातून, माणसांतून, आणि पोरासमोर गुडघ्यावर बसले.

बिरू जीव खाऊन रडत होता. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, दोन्ही बाजूंनी. दोन्ही गाल वर चढले होते. आणि त्याचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते, डावा सुद्धा, पाणी दोन्हींतून सारखं गळत होतं. मी एम. एस. डॉक्टर, तरी डाव्या पापणीला बोट लावून पुन्हा एकदा खात्री करून घेतली. साहेबांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गप कर की गं त्याला," आबा म्हणाले. "देवापुढं रडतंय पोर."

"रडू द्या," रंजना म्हणाली. "आजून रडू द्या त्याला."